वाघबारशीला काटा बंद

आजच्या सभेच्या खुर्चीत बसलेले आमच्या भाजीपाला सोसायटीचे चेअरमन सदानंदभाऊ, शहापूर-खर्डीहून आवर्जून आलेले पाहुणे, जिच्या निरोपासाठी हा मांडव घातला ती आमची व्यवस्थापक रत्नप्रभाताई, तिच्या आई भीमाबाई, आणि भेंडीची तोड आटपून तशाच आलेल्या माझ्या आयाबहिणींनो, मुरबाडच्या जुन्या सभासदांतर्फे हा भगीरथ आपणा सर्वांना नमस्कार करतो.

थोडक्यात बोला, असं मला सांगितलंय. प्रयत्न करतो.

ताईने इथे काय केलं? काट्यावर टोपली ठेवली की वजन, प्रत, भाव सगळं टोपली आणणाऱ्या बाईच्या मोबाइलवर जाईल असा प्रोग्राम लिहिला. आणि लिहून कुलपात नाही ठेवला. खुला केला. कोणीही घ्यावा, बदलावा, विकावासुद्धा. अट एवढीच, की पुढे ज्याला द्याल त्याला आतली सगळी मांडणी याच अटीवर उघडी करून द्या, आणि करणाऱ्यांची नावं पुसू नका. मला हे कशावरून कळलं? विरजणावरून. शेजारणीने आपल्याकडून नेलं, तिच्याकडून तिसरीने नेलं, कोणी हरकत घेतली का? खर्डीवाल्यांनी प्रोग्राम असाच नेला.

एका कंपनीनेही नेला. नावं पुसली, कुलूप लावलं, आणि गेल्या भेंडीच्या हंगामात आम्हालाच नोटीस धाडली, की हा प्रोग्राम आमचा आहे, वापर बंद करा. म्हणजे विरजण आमच्या घरचं, आणि दही लावायची बंदी आम्हालाच.

आज हसताय, तेव्हा नोटिशीने काटा थांबला होता, कोणी हसलं नव्हतं. भेंडी एक दिवस राहिली की जून होते, हे तुम्हाला मी सांगायचं?

कंपनीचे साहेब आले, वकील आले. लॅपटॉप उघडला, कागद पुढे सरकवला. प्रोग्राम कंपनीचाच आहे असं ताईने लिहून द्यावं, मग मुरबाडला तो कायमचा मोफत. भाऊ, रागावू नका, पण तेव्हा तुम्हीच म्हणालात, "कर गो सही. फुकट मिळतंय, भांडण कशाला?"

ताई म्हणाली, "आपल्याला फुकट. आणि खर्डीवाल्यांना? उद्या त्यांचा काटा थांबवतील."

"त्यांचं ते बघतील. हितं बाहेर टोपल्या खोळंबल्यात."

टोपल्या खरंच खोळंबल्या होत्या. बाया खिडकीतून आत बघत होत्या. भाऊंना तरी दोष कसा द्यायचा?

साहेब म्हणाले, "मॅडम, आमच्या माणसांनी पहिल्या अक्षरापासून लिहिलंय. तुमचं त्यात काही नाही."

"मग एक करा. तुमच्या प्रोग्रामात गेल्या वाघबारशीची तारीख टाका आणि एक वजन घ्या."

"वाघबारस म्हणजे?"

पाहुण्यांसाठी सांगतो. प्रोग्राम बनत होता तेव्हा ठाकूरवाडीच्या आमच्या सभासद हिरीने ताईला बजावलं होतं, "वाघबारशीला आमी वाघदेवाला जातो. त्या दिशी काटा चालायचा नाय." ताईचं घर बौद्ध, त्यांच्याकडे ही बारस नाही. तरी तिने पुढच्या कित्येक बारशी आत बसवून ठेवल्या.

पण कंपनीने त्या काढल्या असतील तर? ताईला ठाऊक नव्हतं. ओढणीचं टोक ती बोटांत पिळत होती, मी शेजारून बघत होतो. साहेबांनी तारीख टाकली. वजन टाकलं. मग पडद्यावर अक्षरं आली: "आज वाघबारस. काटा बंद. देवाला जाऊन या."

वकिलांनी साहेबांकडे बघितलं, साहेबांनी लॅपटॉपकडे. दारातून हिरी म्हणाली, "कंपनीत पन वाघदेव पुजतात का रे?"

तो कागद मग सदानंदभाऊंनीच उचलून परत दिला, हेही सांगायला हवं.

नोटीस मागे गेली. पण कुलूप अजून निघालेलं नाही, आणि कंपनीकडून प्रोग्राम घेतलेल्या कितीतरी संस्था त्यात अडकल्यात. तो लढा लढायला ताई उद्या अशा सगळ्या संस्थांच्या नाशिकच्या संघात कामाला चालली आहे. मूळ प्रोग्रामात करणाऱ्यांची दोन नावं होती, लिहिणारी रत्नप्रभा आणि बारस सांगणारी हिरी. ती दोन्ही परत लागली पाहिजेत. तोवर आम्ही तिच्या पाठीशी आहोत, आणि हे मी भाऊंना विचारून बोलतोय.

मांडववाल्यांचे, स्वयंपाक करणाऱ्या बायांचे आणि आपणा सर्वांचे आभार. बोलण्यात कुठे कमी-जास्त झालं असेल तर पोटात घाला. किंवा दुरुस्त करून घ्या, पण पुढे ज्याला सांगाल त्याला सगळं उघडं करून सांगा आणि माझं नाव पुसू नका, अट तीच.

आणि ताई, तुझ्या लढ्याचा निकाल लागो न लागो, वाघबारशीला इकडे ये. त्या दिवशी आम्हा कोणाला काम नसतं.