ज्योतीनगरच्या परवान्याचे पेढे

मी सुदर्शन रामकिसन गायके, वय ३४ वर्षे, धंदा ठेकेदारासाठी बांधकामाची कामे शोधणे, रा. पुंडलिकनगर, छत्रपती संभाजीनगर, मूळ गाव देवगाव रंगारी, ता. कन्नड. आज शुक्रवारी दुपारी पोलीस ठाण्यातून फोन आल्यावरून समक्ष हजर होऊन विचारल्यावरून सांगतो की,

मी ठेकेदार बद्रीनाथशेठ यांच्यासाठी कमिशनवर काम करतो. शहरात मंजूर झालेले बांधकाम परवाने ऑनलाइन बघता येतात. मालकाचे नाव, प्लॉट, मजले, नकाशा सगळे त्यात असते. मी सकाळी चहासोबत तेच वाचतो. परवाना निघाला की जुने घर पाडणे, खोदाई, पाया ही कामे आलीच. बोअरवाले, सेंट्रिंगवाले सगळेच टपलेले असतात, त्यामुळे आधी पोचेल त्याचे काम. मी जाताना पावशेर पेढे नेतो आणि घरात सर्वांत वडीलधारे कोण ते विचारून त्यांच्याच हातावर ठेवतो. पोरं भाव करतात, म्हातारी माणसं शब्द देतात, असा माझा अनुभव आहे. यात बेकायदा काही नाही. हे मला कोणी विचारलेले नाही, तरी सांगतो.

मंगळवारी सकाळी ज्योतीनगरातील शंतनू श्रीधर धारूरकर यांचा परवाना दिसला. जुने बैठे घर पाडून तळाला पार्किंग आणि वर तीन मजले. मी अकराच्या सुमारास तिथे गेलो. शंतनू सर व त्यांच्या पत्नी नोकरीवर गेलेले होते. सरांच्या आई अनसूयाबाई, वय ७४, एकट्या घरी होत्या. मी त्यांच्या हातावर पेढे आणि माझे कार्ड ठेवले. त्यांनी एक पेढा आधी देवापुढे ठेवला आणि मग विचारले, "कशाचे पेढे रे?"

मी म्हणालो, "काकू, परवाना निघाला ना तुमच्या घराचा. आता कुदळ कधी मारायची तेवढं सांगा."

त्यांना काहीच माहीत नाही हे माझ्या तेव्हाच लक्षात यायला पाहिजे होते. आले नाही असे म्हणत नाही. आले, पण तोंड सुरू झाले की माझे थांबत नाही. मी मोबाईलवर नकाशा काढून दाखवला. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिला आणि आपली खोली कुठे आहे असे विचारले. मी म्हणालो, "इथं आता गाड्या लागणार. तुमचं वरती असंल कुठंतरी, लिफ्ट हाय ना." पाडायला किती वेळ लागतो असेही त्यांनी विचारले. मी फुशारकीने सांगितले, "पोकलेन लावला की दोन दिवसांत मैदान."

 त्यावर त्यांनी माझ्यासाठी चहा ठेवला. घरी कोण असते, गाव कोणते, असे विचारत राहिल्या. वडील वारले, आई भागूबाई देवगावला मारुतीच्या मंदिरामागे एकटीच राहते, बोलावले तरी शहरात येत नाही, हे मी सांगितले. मग त्या म्हणाल्या, "मला बसस्टँडवर सोडतोस का? बहिणीकडे जाऊन येते." मी मोटारसायकलवर सोडले. म्हातारी खूश झाली, काम आपलेच, असे माझ्या मनात होते. त्या कोणत्या बसमध्ये बसल्या ते पाहिले नाही. मोबाईल त्यांनी घरीच ठेवला होता हे मला नंतर कळले.

संध्याकाळी माझ्या आईचा फोन आला. "तुझ्या वळखीच्या काकू आल्यात. बहिणीकडं गेलं तर ती पोराला फोन करती म्हनून हिकडं आले म्हनत्यात. राहू दे का?" मी राहू दे म्हणालो. त्या कन्नडपर्यंत एसटीने आणि पुढे जीपने गेल्या होत्या. त्यांच्या मुलाला मी कळवले आहे, असेही आईला सांगितले. कळवले नव्हते.

त्यानंतर तासाभरात शंतनू सरांचा फोन आला. माझे कार्ड त्यांना घरात सापडले होते. मी आलो होतो का, आईला पाहिले का, असे त्यांनी विचारले. मी सांगितले की दारात कोणी दिसले नाही, म्हणून कार्ड आत सरकवून परत गेलो. त्यांच्या आईला घर पाडण्याचे मीच बोलून बसलो हे कळले असते तर काम हातचे गेले असते. तीन महिने एकही काम जमलेले नव्हते आणि बद्रीनाथशेठ दुसरा माणूस बघत होते.

बुधवारी व गुरुवारी मी स्वतः होऊन सरांना मोटारसायकलवर घेऊन त्यांच्या आईचा शोध घेतला. रेल्वे स्टेशन, दवाखाने, मंदिरे, बीड बायपास असे फिरवले. कन्नड रस्त्याला नेले नाही. सर मागे बसून रडत होते. "तिला पुण्याला ताईकडं पाठवून मग पाडणार होतो. सांगायची हिंमत झाली नाही," असे म्हणाले. माझा शर्ट पाठीवर ओला झाला. त्या वेळीही मी त्यांना, पोकलेन आत्ताच सांगून ठेवला तर बरा, असे बोललो. ते मी का बोललो ते मला सांगता येत नाही.

अनसूयाबाईंच्या बीपीच्या गोळ्या घरीच राहिल्या म्हणून सर पाकीट खिशात घेऊन फिरत होते. मी त्यावरचे नाव पाहून ठेवले आणि बाजूला जाऊन माझ्या आईला फोन करून त्याच गोळ्या आणायला सांगितल्या. बुधवारी रात्रीपासून अनसूयाबाईंना चक्कर येत होती.

तेव्हाच का सांगितले नाही, असे मला विचारण्यात आले. शनिवारी मी देवगावला जाऊन त्यांना घेऊन येणार होतो आणि स्टँडवर सापडल्या असे सांगणार होतो. लगेच सापडल्या असत्या तर सरांना माझे उपकार तेवढे वाटले नसते. चार दिवसांनी सापडल्या तर काम नक्की मिळाले असते.

आज सकाळी देवगावच्या मोबाईल ग्रुपवर अनसूयाबाई बेपत्ता असल्याचा फोटो या ठाण्याच्या नंबरासह आला. शेजारच्या अपेक्षाने तो माझ्या आईला दाखवला. आई त्यांना घेऊन मिळेल त्या जीपने निघाली आणि मला न सांगता सरळ या ठाण्यात आली. मी पोचलो तेव्हा त्या दोघी बाहेरच्या बाकावर बसलेल्या होत्या. सर खाली फरशीवर, त्यांच्या आईच्या पायाशी होते. अनसूयाबाई मला म्हणाल्या, "तू खरं बोललास रे. घरात तेवढा तूच बोललास." मला तोंड लपवायला जागा नव्हती. माझी आई एवढेच बोलली, "आपलं घर पाडशील तवा मला कोन सांगायला येईल रं?" 

हा जबाब मी सांगितला तसाच टाईप करून मला मराठीत वाचून दाखवला. त्यात अनसूयाबाई मंगळवारपासून आजपर्यंत बेपत्ता होत्या असे आले होते. त्या बेपत्ता नव्हत्या. त्या कुठे आहेत हे मला माहीत होते. तेवढे माझ्या सांगण्यावरून दुरुस्त केले. बाकी सर्व बरोबर आहे.