येथे पूर येत नाही

तुम्ही विचारताय ना, महापालिकेला केंद्राच्या पूरनियंत्रण योजनेत जायची काय गरज होती? मग ऐका. तेव्हा मी महापालिकेत ज्युनिअर इंजिनिअर होते. कर्वेनगरला नदीकाठच्या एका सोसायटीच्या भिंतीवर मी निळी रेघ मारून आले, पूर आला तर पाणी इथपर्यंत चढेल हे सांगणारी. दुसऱ्या दिवशी रेघेवर चुना फासलेला, आणि बरोबर त्याच जागी पाटी: ‘येथे पूर येत नाही. रेघा आपापल्या घरी माराव्यात.’

सोसायटीचे अध्यक्ष म्हणाले, “अहो मॅडम, इथे सगळे आयटीवाले राहतात. अडाणी समजलात का आम्हाला?”

“पाण्याला कळवलंत का तसं?” मी विचारलं.

त्याच पावसाळ्यात धरणातून पाणी सोडलं आणि सोसायटीचं पार्किंग बुडालं. पाणी ओसरल्यावर पाहिलं, तर चिखलाची रेघ त्या पाटीच्या मधोमध उमटलेली. मी फोटो काढला आणि योजनेच्या अर्जाला जोडला.

आमचे साहेब हादरले. “अहो, हे दिल्लीला जायचंय. शहराची अब्रू जाईल. फोटोतून ती पाटी कापा.”

मी म्हटलं, “कापणार नाही. योजनेत का यायचंय, असा एक रकाना आहे अर्जात. तिथे मी ‘फोटो पाहा’ एवढंच लिहिलंय. पाटी कापायची असेल, तर तो रकाना तुम्ही तुमच्या अक्षरात भरा.”

साहेबांनी पेनचं टोपण काढलं आणि परत लावलं.

फोटो पाटीसकट गेला.