वळणावरचं डिझेल

हफीजा : पाणी दिलं, तेही घेत नाय. ओटीवर भिंतीला टेकून बसलीय. निळी मोटारसायकल ज्याची हाय त्याला भेटल्याशिवाय उठणार नाय म्हणते. अद्नान, कोण ही बाई? काय केलंस तू?

अद्नान : मी काही नाही केलं, अम्मी.

हफीजा : मग तोंड असं का उतरलं?

अद्नान : पाच आठवड्यांपूर्वी मालगाडीखाली एक माणूस गेला होता. पेपरात आलं होतं, तू मला वाचायला लावलंस. मी तिथं होतो तेव्हा. वर सड्यावर, उघड्या कातळमाळावर, कॅमेरा लावून. ही त्यांच्या घरची असणार.

हफीजा : तू होतास? आणि आज सांगतोस?

अद्नान : कुणालाच नाही सांगितलं.

हफीजा : पोलिसांना?

अद्नान : नाही.

हफीजा : या अल्ला. उद्या विमान तुझं. पासपोर्ट ठेवून घेतला त्यांनी, तर मस्कतची नोकरी गेलीच समज. तू आतच बस. मी सांगते, पोरगा कालच गेला म्हणून.

गंगा : नको सांगू भाभी. दार उघडं हाय, मी आयकलं सगळं.

हफीजा : बाई, तसं नाय...

गंगा : मी भांडायला नाय आले. दोन एसट्या बदलून आले. आमच्या वाडीतला स्वरूप तुमच्या पोराचे रेल्वेगाडीचे व्हिडिओ बघतो मोबाईलवर. त्यात असते ती निळी मोटारसायकल त्या दिवशी सड्यावर दिसली, तेव्हाच त्याने ओळखली. पण मला सांगायला, पत्ता द्यायला परवापर्यंत थांबला. त्यालाही भीती.

अद्नान : मावशी, आत या. बसा.

गंगा : मी सखाराम धावड्यांची बायको. गंगा.

अद्नान : नाव पेपरात वाचलं होतं त्यांचं.

गंगा : पेपरात काय लिवलं होतं तेही वाचलं असशील.

अद्नान : हो.

गंगा : स्वतःहून रुळावर गेले. पोलिसांच्या कागदावर पण तसंच. डायवर म्हणाला, हॉर्न देत होतो, माणूस रुळावर वाकला तो उठलाच नाय. आणि हातात दावं सापडलं. मग काय, लोकांची तोंडं सुटली. घरातून दावं घेऊनच निघाला होता म्हणे. भाभी, ते घरातून हात हलवत गेले होते. मी बगितलंय. पण मी पडले बायको. माझं कोण आयकणार?

हफीजा : बस गं बाई आधी. घोटभर चहा घे.

गंगा : चहा नंतर. मला तो व्हिडिओ बगायचाय.

अद्नान : मावशी, नका बघू. खरंच सांगतो.

गंगा : तू बगितलास ना?

अद्नान : एकदाच. तिथंच, कॅमेऱ्याच्या मागच्या एवढ्याशा काचेवर. मग कार्ड काढून ठेवलं, ते परत लावलं नाही.

हफीजा : त्याला रात्रीची झोप नाय महिनाभर. मला वाटलं, परत जायचंय म्हणून.

गंगा : झोप आमच्याकडे पण नाय, भाभी. तू तिथं काय करत होतास, ते तरी सांग. काय बगायचं असतं त्या गाडीत?

अद्नान : इंजिन. आता सगळीकडे वायरी आल्या, विजेवर चालतात गाड्या. जुनं डिझेल महिन्या-दोन महिन्यांतून एखाद्या दिवशी लागतं. त्या दिवशी ग्रुपवर मेसेज आला, मालगाडीला डिझेल लागलंय. सुट्टीची माझी एवढीच तर हौस. पहिल्यांदा पुलाजवळ घेतलं. पुढच्या स्टेशनात ती क्रॉसिंगला थांबते, तेवढ्यात बाईक मारली आणि तुमच्या सड्यावर पोचलो. तिथून ते वळण पूर्ण दिसतं. दोन्ही बाजूला कापलेला जांभा दगड, वर गवत, आणि इंजिन चढ चढताना काळा धूर...

गंगा : आणि आमचे हे, मनस्वीचे बाबा.

अद्नान : हो. ते खाली होते. रुळाच्या कडेनं चालत होते.

गंगा : तू हाक नाय मारलीस?

अद्नान : मारली.

गंगा : मग?

अद्नान : कसं सांगू तुम्हाला?

हफीजा : सांगून टाक, पोरा. आता काय लपवतोस?

अद्नान : पहिली हाक मारली ती... ते माझ्या चित्रात येत होते म्हणून. ‘काका, बाजूला व्हा’ म्हणून ओरडलो. गाडी तेव्हा लांब होती. मला वाटलं, होतील बाजूला. मला राग आला होता त्यांचा, मावशी. एवढा धावत येऊन पोचलो आणि हा माणूस मधे. नंतर गाडी वळणावर आली, तेव्हा खरा ओरडलो. पण वारा होता, इंजिनचा आवाज होता. खाली उतरायला वाट नव्हती. वीस-पंचवीस फूट सरळ कापलेला दगड.

गंगा : मग खाली आलासच नाय.

अद्नान : गाडी थांबली पुढे जाऊन. माणसं धावत आली. मी वरून बघत होतो. आणि मग बाईकवर बसलो आणि घरी आलो.

गंगा : पाच आठवडे.

अद्नान : हो.

गंगा : पाच आठवड्यांत दिवस किती होतात, ठाऊक हाय? आम्ही त्यांना जाळलं ते जीव दिलेला माणूस म्हणून जाळलं. भावकीतले चार जण आले, तेही घड्याळ बगत. बाराव्याला दारात कोण नाय. आणि तू इथं कार्ड लपवून बसला होतास.

हफीजा : चुकलंच त्याचं. पण तो घाबरला गं. मस्कतला कामाला लागून त्याला तीन वर्षं पण नाय झाली.

गंगा : माझ्या पोरीला सोळावं सरलं नाय, भाभी. ती माझ्याशी बोलत नाय. मी वाढलेलं जेवते, ताट उचलते, जाते. मी आई हाय की खानावळवाली, कळत नाय मला.

हफीजा : तुझ्याशी का नाय बोलत?

गंगा : त्या दिवशी सकाळी मी बोलले ते तिने आयकलं. हे बावीस वर्षं मुंबईत. एका बिल्डिंगच्या गेटवर वॉचमन. मे महिन्यात कायमचे घरी आले. घरी माणूस नुसता बसून. बोलायचं काय ते कळायचं नाय त्यांना आमच्याशी. त्या दिवशी पाडी सुटली. तांबडी पाडी हाय आमची, दावं ओढत गेली सड्याच्या अंगाला. आणि मी म्हणाले...

हफीजा : काय म्हणालीस?

गंगा : म्हणाले, बावीस वर्षं दुसऱ्यांची दारं राखलीत, आपलं एक वासरू राखता येत नाय तुम्हाला?

हफीजा : नवरा-बायकोत बोलणं होतंच.

गंगा : त्यांनी चपला घातल्या नि गेले. दोन तासांनी पाडी एकटीच आली घरी, गळा मोकळा. आणि मागून माणसं आली सांगायला. मनस्वी म्हणते, बाबा पाडीसाठी गेलेच नाय. तुझ्या बोलण्यामुळे गेले. मी सांगितलं, ते दावं पाडीच्या गळ्यातलंच. सांगून सांगून मग माझंच मला खरं वाटेना. म्हणून बगायचंय. असेल ते असेल.

अद्नान : मावशी, मला त्यात वासरू दिसलं नाही. मी तुम्हाला खोटी आशा नाही दाखवणार. आणि शेवटचं त्यात काहीच नाही.

गंगा : काही नाय म्हंजे?

अद्नान : इंजिन जवळ आलं की कॅमेरा त्याच्याबरोबर फिरवायचा, ही सवय. मी ओरडत होतो आणि हात फिरवत होता. पुढचं सगळं इंजिनच आहे. ते मागे राहिले, चित्राच्या बाहेर. काय झालं ते मी पण बघितलं नाही. तुम्हाला ज्याच्यासाठी बघायचंय, ते नेमकं त्यात नाही.

गंगा : जेवढं हाय तेवढं लाव.

हफीजा : लॅपटॉपवर लाव. मोठं दिसेल. सरक बाई इकडे, माझ्याजवळ बस.

(अद्नान कपाटातून कार्ड काढून लॅपटॉपला लावतो.)

अद्नान : हे वळण. गाडी अजून आलेली नाही. हे... हे ते.

गंगा : त्यांचाच शर्ट.

अद्नान : बंद करू?

गंगा : नको. चालतात बग कसे. डावा पाय ओढत. बावीस वर्षं उभं राहून गुडघ्याची पार वाट लागली होती. हा आवाज कसला?

अद्नान : इंजिनचा. लांबून येतोय. आणि ही माझी हाक.

गंगा : त्यांनी वर बगितलं.

अद्नान : हो. बघितलं माझ्याकडे. हात वर केला. मला वाटलं, येतो बाजूला असं सांगतायत.

गंगा : थांबव. ते काय हाय?

अद्नान : कुठे?

गंगा : हे. त्यांच्या पुढ्यात.

अद्नान : तो दगड आहे, मावशी. जांभ्याचा चिरा पडलाय कापलेल्या भागातून.

गंगा : पुढे कर जरासं. दगड कान हलवतो काय?

अद्नान : थांबा. मोठं करतो.

हफीजा : वासरूच हाय ते. अद्नान, वासरू हाय.

अद्नान : मला दगड वाटला. सगळंच तांबडं आहे तिथं, माती, कातळ... मी इंजिनाकडे बघत होतो.

गंगा : तांबी हाय आमची. ती बग, मान ओढतेय. दावं अडकलंय तिचं. रुळाखाली नायतर खडीत. पुढे कर.

अद्नान : ते वाकले.

गंगा : डायवरनं बगितलं ते हे. वाकलेले. गळ्यातलं सोडवतायत, बोटं बग त्यांची. गाठ मीच मारली होती आदल्या दिवशी. घट्ट मारली होती, सुटू नये म्हणून.

हफीजा : नको गं, तसं नको मनात आणू.

गंगा : सुटली. ती बग, पळाली. पाठीवर थाप मारली त्यांनी तिच्या.

अद्नान : इथून पुढे चार सेकंद आहेत. मग कॅमेरा फिरतो.

गंगा : चार सेकंदांत माणूस बाजूला नाय होत?

अद्नान : होतो.

गंगा : हे नाय होत. घरी पाटावर बसले तर उठताना मनस्वीचा हात लागायचा.

हफीजा : रड बाई. रडून घे.

गंगा : माझ्यावर रागावून नाय गेले, भाभी. पण मी सांगितलेलं काम करताना गेले. यातलं कुठलं बरं, ते सांगा तुम्ही मला.

हफीजा : हे पाणी आता तरी घे, बाई.

अद्नान : मावशी, आपण आत्ताच पोलिसांकडे जाऊ. मी लिहून देतो, जे बघितलं ते, आणि गप्प बसलो तेही. कागद बदलावा लागेल त्यांना.

हफीजा : जा. पासपोर्ट ठेवला तर ठेवू देत. मी बघते पुढचं.

गंगा : कागद बदलतील. बदलायलाच हवा. पण जे आले नाय, ते आता कुठल्या बाराव्याला यायचे? जाऊ आपण, जाऊ. त्याच्या आधी मला हे पोरीसाठी हवं. स्वरूपच्या मोबाईलवर पाठवता येईल?

अद्नान : येईल. आत्ता पाठवतो.

गंगा : सगळं नको. ती गाडी तिनं बगायला नको.

अद्नान : कुठवर ठेवू?

गंगा : मागे घे जरा. पाडी पळाली तिथवर. हां. आता हळू पुढे. आणखी जरासं. थांब.

अद्नान : इथे?

गंगा : हां, इथे. एक हात खाली टेकलाय त्यांनी, गुडघा उचललाय. इथवरच दे तिला. इथं ते उठतायत.