परीक्षेसाठी राखलेलं किटण

माझी शाळा सातवीत सुटली, तेव्हा शुद्धलेखन आणि साधे शब्द सांभाळून घ्या.

हिरड्यांतून रक्त येत होतं म्हणून दातांच्या दवाखान्यात गेलो. तिथे दात साफ करायला शिकणारा देशमुख माझं तोंड पाहून हरखलाच. "काय किटण आहे गा! परीक्षेत साफ करून दाखवाले तूच पाहिजे. तोवर दात घासू नको." हिरड्यांचं त्याने विचारलं नाही. एवढं शिकलेला माणूस सांगतो म्हणून आठ दिवस मी किटण जपलं.

परीक्षेच्या दिवशी बाकावर बसलो होतो. देशमुखच्याच वर्गातल्या एका बाईंचा पेशंट आला नव्हता. त्यांनी मला खुर्चीत बसवलं आणि म्हणाल्या, "आ करा." बाईमाणसाला नाही म्हणणं मला जमत नाही.

देशमुख आला तेव्हा माझे दात चकाकत होते आणि बाई पास झाल्या होत्या.

"काहून बोलला नाही बे?"

"तोंडात त्यांचा आरसा होता."

"उद्या सकाळी पेशंट नाही भेटला, तर मी नापास."

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या तंबाखू-सुपारीचा खर्रा खाणाऱ्या काकांना सायकलवर डबलसीट नेलं. फाटकातच बजावलं, "काका, देशमुख येईपर्यंत कोणी कितीही गोड बोललं तरी तोंड उघडू नका."