गव्हर्नरसाहेबांची राहिलेली फुलं

गव्हर्नरसाहेब आज कायमचे फ्रान्सला चालले होते. बेटावरच्या पापेएते बंदराच्या धक्क्यावर निरोपाची रांग लागली होती. मारेवा शंखांची माळ सांभाळत उभी होती, पण तिचे कान पुढच्या दोघी बहिणींकडे होते.

"ताई, जाणाऱ्याला शंखांची माळ घालतात. तू फुलांची काय म्हणून आणलीस? फुलं येणाऱ्याला!"

"मला शिकवतेस? चार वर्षं त्यांचे कपडे धुतलेत मी."

"त्याचा इथं काय संबंध? लोक हसतायत."

"हसू देत. ते आले त्या दिवशी तू कुठं होतीस?"

"घरी. सगळेच घरी होते. आधीच्यानं एवढा छळ मांडला होता, नव्याचं तोंड कोण बघणार?"

"मी समोरच्या दुकानातून बघत होते. सेनेगल झालं, पाँडिचेरी झालं, म्हातारपणी इथं धाडलेला माणूस. तासभर पेटीवर बसून होता बिचारा, एकटा. पण मीही पुढं झाले नाही."

"चांगला निघाला हो पण. पूल दोनदा वाहून गेला, तर स्वतः चिखलात उतरला."

"आणि त्या विजारी घासून माझे हात मोडून आले!"

बहिणींची पाळी आली. साहेबांनी टोपी काढून मान वाकवली, आणि फुलांचा वास येताच ते थबकले.

"बाई, मी तर चाललोय."

"जाल हो साहेब. आधी या तर खरं."