माझं थर्माकोलचं विमान

रिमोटचं विमान उडवायचं का सोडलंस म्हणून विचारताय न्हवं? ऐका मग. त्या महापुरात आमचं गाव दोन दिवस उपाशी, शाळेच्या गच्चीवर बसलेलं. घर सोडताना मी फक्त माझं रिमोटवर उडणारं थर्माकोलचं विमान उचललं होतं.

तेवढ्यात अन्नाची पाकिटं टाकणारं हेलिकॉप्टर दिसलं. त्याला आम्ही दिसावं म्हणून विमानाला आईच्या लाल लुगड्याची पट्टी बांधून मी ते उडवलं. हेलिकॉप्टर वळून खाली यायला लागलं.

"आलं, आलं!" सगळी ओरडली.

मी हौसेनं विमान आणखी जवळ नेलं. पायलट दचकला असणार. हेलिकॉप्टर एकदम वर गेलं आणि नदीपल्याडच्या गावावर पाकिटं टाकून निघून गेलं.

चुलते म्हणाले, "तुझ्या रिमोटनं ते मोठं माघारी फिरतंय का बघ की."