कुरतडलेला कोपरा

समारंभाचे अध्यक्ष आदरणीय पाद्री एम्ससाहेब, व्यासपीठावरच्या ग्रंथपाल नॉर्माबाई, ज्यांच्यासाठी आपण जमलो ते लॉयड डोर्सीकाका, आणि घरून पातेली झाकून घेऊन आलेल्या मिल्बर्नच्या बंधुभगिनींनो,

जेवण निवायच्या आत भाषण संपव, असं मला बजावलं आहे. प्रयत्न करतो.

शनिवारी काकांचं बेसबॉल-कार्डांचं दुकान बंद होणार. लहानपणी त्यांच्या काउंटरवर कार्ड ठेवून श्वास रोखला नाही, असा या गावात कोण आहे? कार्डावर छापलेला खेळाडू कितीही मोठा असो, काका त्याचं तोंड आधी पाहत नसत. भिंग उचलायचं आणि थेट खालचा डावा कोपरा पाहायचा. त्यांची पारखच कडक, असं आपण समजत आलो. समोर बसलेले क्लाइड एकदा वडिलांची जुनी कार्डं पेटीत घालून घेऊन गेले होते.

"कोपरे मऊ पडलेत, क्लाइड. किंमत येणार नाही."

"माझेही पडलेत, लॉयड. बायको अजून सांभाळतेय."

"तिच्या हातात भिंग नाही, म्हणून."

एवढं बोलूनही काकांनी ती पेटी तळापर्यंत पाहिली. कवडीमोल कार्डांतही ते काय शोधत होते? गेल्या हिवाळ्यात बर्फ उपसून दम खायला दुकानात टेकलो, तेव्हा मी विचारलं.

"माझा थोरला भाऊ वेन, आवडत्या कार्डाचा खालचा डावा कोपरा कुरतडून ठेवायचा," काका म्हणाले. "मी पळवू नये म्हणून. दात उमटले की कार्ड त्याचं."

वेन व्हिएतनामहून परत आला नाही. आईला त्याच्या वस्तू डोळ्यांसमोर सोसवेनात. तिनं कार्डांचं खोकं चर्चच्या जुन्या सामानाच्या विक्रीला देऊन टाकलं. आज आपण बसलोय त्याच या तळघरात, मंडळी. तिथून ती कार्डं आपल्याच घरांत गेली, आवाज यावा म्हणून आपल्याच वडिलांच्या सायकलींच्या आऱ्यांत अडकून फडफडली.

वेन गावच्या संघात कॅचर होता, फलंदाजामागे बसून चेंडू झेलणारा. त्याचं लाडकं कार्डही एका राखीव कॅचरचं, बाकावर बसून मोसम काढणाऱ्याचं. बाजारात त्याला कोण विचारतो?

"सापडलं तर किंमत काय धराल?" मी म्हटलं.

काका भिंग पुसत राहिले. मग म्हणाले, "दात बारीक होते त्याचे. पुढच्या दोघांत फट होती."

हरवलेलं एक मेंढरू शोधत फिरणाऱ्या मेंढपाळाची बायबलमधली गोष्ट पाद्रीसाहेब दर वर्षी सांगतात. ती मला त्या दिवशी थोडी कळली. मेंढरू सापडेलच असं नाही, पण दार उघडं ठेवावं लागतं. आता ते दार बंद होतंय आणि कार्ड अजून आलेलं नाही.

म्हणून गावाच्या वतीनं काकांना ही काचेची चौकट देत आहोत. ती रिकामी आहे. वर्गणी कमी पडली म्हणून नव्हे, क्लाइड, हसू नका. घरी गेल्यावर पोटमाळे पाहा, मासेमारीच्या गळांच्या पेट्या पाहा, वडिलांच्या बायबलची पानं उलटा. कोपरा खराब दिसला म्हणून कार्ड फेकू नका.

स्वयंपाक करणाऱ्या, खुर्च्या मांडणाऱ्या साऱ्यांचा मी ऋणी आहे. माझ्या बोलण्याचा एखादा कोपरा दुमडला असेल, तर भिंग न लावता पोटात घाला.

आणि काका, दुकानाची किल्ली शनिवारी खुशाल देऊन टाका. घराचं दार मात्र नुसतं लोटून ठेवा. आम्ही येऊ.